न हरवलेला डोंगर

‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना अबुल फजल माहूरवर मोजून तीन-चार वाक्यं खर्च करतो. डोंगरावर नामी किल्ला आहे. त्याला लागून देवीचं देऊळ आहे. इथल्या म्हशी उत्तम जातीच्या, अर्धा मण आणि त्याहून जास्त दूध देणाऱ्या. जमीनदार रजपूत असून त्याला राणा म्हणतात, पदरी शंभर स्वार आणि हजार प्यादे. झालं, लेखणी पुढच्या किल्ल्याकडे वळली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या दफ्तरात माहूर पोचलं ते किल्ला, देवी, म्हैस आणि राणा या क्रमाने. अकबरी मण आपल्या जुन्या मणापेक्षा बराच लहान होता हे खरं, तरी अर्धा मण म्हणजे बारा-तेरा लिटर दूध झालं. आज नांदेडच्या बाजारात अशी म्हैस दिसली तर माणसं तिच्याभोवतीही गर्दी करतील.

राणा गेला, किल्ल्याची तटबंदी ढासळली, म्हशींची ती ख्याती कोणाला आठवतही नाही. देवी मात्र आहे तिथेच आहे. माहूरचा मागोवा घेणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते.

ती अडचण कळायला आधी लांबच्या एका डोंगराकडे पाहू. पेरूमधल्या माचू पिचूची गोष्ट बहुतेकांना माहीत असते आणि ती नेहमी एका तारखेपासून सुरू होते : २४ जुलै १९११. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा हायरम बिंगम त्या दिवशी मेल्चोर आर्तेआगा नावाच्या स्थानिक शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून घेऊन उरुबांबा नदीच्या काठावरून वर चढला. वर पोचल्यावर त्याला भेटली ती शेतकरी कुटुंबं, इंकांनीच बांधून ठेवलेल्या टप्प्याटप्प्यांच्या शेतात पीक घेणारी. त्यांच्यातल्या एका पोराने साहेबाला झाडीत शिरून भिंती दाखवल्या. मग जगभर बोभाटा झाला की इंकांचं हरवलेलं शहर सापडलं. ज्या पोराने ते दाखवलं त्याच्या लेखी काही हरवलंच नव्हतं, पण पोराला कोण विचारतो?

तरी एका अर्थी ते हरवलेलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर ते उभं राहिलं आणि सुमारे शंभर वर्षांतच ओस पडलं. स्पॅनिश फौजा तिथवर पोचल्या नाहीत. त्यामुळे देवळं फोडली गेली नाहीत, त्यांच्या जोत्यांवर चर्च चढलं नाही, दगड दुसऱ्या कामाला गेले नाहीत. इंकांनी जे जसं सोडलं ते जवळजवळ तसंच साहेबाच्या हाती लागलं. एकच काळ, एकच घराणं, एकच हात. १९८३ साली ते जागतिक वारशात गेलं, बिंगमने नेलेल्या वस्तू शंभर वर्षांच्या भांडणानंतर येलने परत केल्या, आणि आता तिथं वेळ ठरवून दिलेल्या तिकिटाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

माहूर कधी हरवलंच नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला शोधही आला नाही. इथे २४ जुलैसारखी तारीख नाही, बिंगम नाही, झाडी तोडून भिंती उघड्या करण्याचा तो थरार नाही. हजार-बाराशे वर्षं माणसं सतत वर जात राहिली, आणि प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या खुणेवर आपला शेंदूर, आपला चुना, आपली फरशी चढवली. म्हणून माहूर वाचायचं तर एका पानावर अनेकांनी लिहिलेलं निवडून वाचावं लागतं. हा उद्योग कंटाळवाणा नाही, पण त्यात साहेबी नाट्य नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

जागा कशी आहे ते आधी पाहू. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेड शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पैनगंगेने वळसा घातलेल्या डोंगराळ मुलखात हे गाव आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ, म्हणजे विदर्भ. भोवती किनवटपर्यंत पसरलेलं सागाचं जंगल. गोंड, कोलाम, आंध या आदिवासींची आणि बंजाऱ्यांची वस्ती या भागात जुनी आहे. काळ्या मातीचा, सपाट, ज्वारी-सोयाबीनचा मराठवाडा डोळ्यांसमोर ठेवून लातूरकडून आलेला माणूस घाट सुरू झाला की गोंधळतो, कारण त्याच्या मनातल्या मराठवाड्यात असा हिरवा चढ बसत नाही. डोंगराची तीन मुख्य शिखरं : एकावर रेणुका, एकावर दत्त, एकावर अनसूया. रेणुकेच्या शेजारच्या कड्यांवरून किल्ल्याची तटबंदी फिरली आहे. मातापूर हे गावाचं जुनं नाव. जुन्या ग्रंथांत या डोंगराला सरळ सह्याद्री म्हटलेलं आढळतं. भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री इथून शेकडो किलोमीटर पश्चिमेला आहे, पण त्या ग्रंथकारांना आपला डोंगर कोणाच्या नकाशात बसवायचा नव्हता.

हाताने स्पर्श करता येईल अशी माहूरची सगळ्यात जुनी खूण शिखरावर नाही, पायथ्याला आहे. गावाजवळची पांडवलेणी राष्ट्रकूटांच्या काळातली, कातळात कोरलेली ब्राह्मणी लेणी आहेत. जाड, भरभक्कम खांब, आत अंधारलेला गाभारा, भिंतीवर प्रचंड मूर्ती. वेरूळ पाहून आलेल्या माणसाला त्या खांबांची ठेवण ओळखीची वाटते. पांडवांचा संबंध नाव देण्यापुरता. महाराष्ट्रात कोणी कोरलं ते आठवेनासं झालं की लेणं पांडवांच्या नावावर चढतं, आणि ते एका रात्रीत कोरलं अशी पुस्तीही जोडली जाते.

राष्ट्रकूट हे या भागाला परके नव्हेत. त्यांचे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. वेरूळला कैलास कोरणारं घराणं आपलं मूळ गाव म्हणून लातूरचं नाव मिरवत होतं, ही गोष्ट लातूरच्या शाळांतून जितक्या मोठ्याने सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. (लातूर पॅटर्नमध्ये तिला गुण नसावेत.)

लातूरचं नाव निघालंच आहे तर खरोशाकडे एक फेरी मारून येऊ. औसा तालुक्यातल्या खरोसा गावाजवळच्या टेकडीवर साधारण सहाव्या शतकातली, म्हणजे माहूरच्या लेण्यांहूनही जुनी लेणी आहेत. ती जांभ्या खडकात कोरली आहेत. जांभा कोरायला सोपा आणि टिकायला अवघड. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण असे आकार आजही ओळखू येतात, पण नाकडोळे पावसाने कधीच पुसून नेले. जेम्स बर्जेसने १८७०च्या दशकात या भागात फिरून खरोशाच्या लेण्यांची मापं घेतली, आराखडे काढले आणि बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरातन वास्तूंवरच्या १८७८च्या आपल्या अहवालात ती छापली. म्हणजे खरोशाला त्याचा बिंगम मिळाला, तोही खऱ्या बिंगमच्या आधी तीसेक वर्षं. त्याचं कारण उघड आहे. लेणी रिकामी होती. ज्या खोलीत कोणी राहत नाही तिची मापं घेता येतात. गाभाऱ्यात आरती चालू असताना फूटपट्टी घेऊन कोण शिरणार?

माहूरच्या शिखरावर नेमकं हेच झालं आहे. रेणुकेचं देऊळ यादवकाळातलं, असं परंपरा सांगते. आज जे दिसतं त्यातलं किती यादवांचं, किती नंतरच्या दुरुस्त्यांचं, हे रंगांच्या आणि फरशांच्या थरांखाली आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही, तांदळा आहे : पाचेक फूट उंचीचा शेंदूरचर्चित मुखवटा, मोठे डोळे, वर मुकुट. मानेखाली काही नाही. असं का, याची कथा सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारलं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात बापाचं कलेवर आणि दुसऱ्यात आईला घेऊन देश पालथा घातला. कोरी भूमी सापडेल तिथं अंत्यसंस्कार कर, असा आदेश होता. ती भूमी माहूरला सापडली. दत्तात्रेय आचार्य झाले, रेणुका सती गेली. आईच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुलाला सांगितलं गेलं की ती जमिनीतून पुन्हा वर येईल, मात्र मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं.

रेणुकेची ठाणी देशभर आहेत. कर्नाटकात सौंदत्तीची यल्लम्मा, हिमाचलात रेणुकाजीचं तळं, आणि प्रत्येक ठिकाणी कथेचा वेगळा तुकडा पुढे आलेला. माहूरच्या वाट्याला अंत्यसंस्कार आला, आणि मला वाटतं या डोंगराचा सगळा स्वभाव त्या एका तुकड्यात आहे. कोऱ्या भूमीच्या शोधात आलेला मुलगा, त्याचं कर्म करणारा दत्त, दत्ताची आई अनसूया, खाली मातृतीर्थ. एका मयताभोवती तीन शिखरांची नाती जुळवून झाली. आधी वेगवेगळी असलेली ठाणी नंतर एका गोष्टीत ओवली गेली की गोष्टीतून ठाणी उभी राहिली, हे आता सुटं करता येणार नाही. पण ज्याने कोणी ही गाठ मारली त्याचं काम पक्कं होतं. आजही रेणुकेचं दर्शन घेऊन दत्तशिखर आणि अनसूया न करता खाली उतरणाऱ्याला घरचे लोक विचारतात, मग माहूर केलंस काय?

दत्ताच्या बाबतीत मात्र गाठ इतकी सरळ नाही. लोकांत प्रसिद्ध आहे तो दत्ताचा दिनक्रम : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. दत्तशिखरावर गोसाव्यांच्या महंतांची गादी आहे आणि तिची परंपरा मुकुंद भारतींपासून सांगितली जाते. पण याच डोंगरावर महानुभावांचं देवदेवेश्वर आहे, आणि त्यांच्या दृष्टीने दत्तात्रेय प्रभूंचं निद्रास्थान तेच. महानुभावांचा दत्त त्रिमूर्ती नव्हे. ब्रह्मा, विष्णू, महेश या तिघांच्या एकत्र रूपाला ते मानत नाहीत. त्यांच्या पंचकृष्णांपैकी तो एक, स्वतः परमेश्वराचा अवतार. पंथाची कथा अशी की फलटणचे चांगदेव राऊळ माहूरला आले, दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या माथ्यावर पंजा ठेवला आणि ज्ञानशक्ती दिली. चांगदेव राऊळांकडून ती गोविंदप्रभूंकडे आणि पुढे चक्रधरांकडे गेली. चक्रधर म्हणजे ज्यांच्या आठवणींतून मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात तयार झाला. त्या गद्याच्या वंशावळीत मागे मागे जात राहिलं तर माणूस माहूरच्या वाघापाशी येऊन थांबतो.

महानुभावांनी मान दिलेल्या सात काव्यांमध्ये ‘सह्याद्रिवर्णन’ नावाचं एक काव्य आहे, रवळो व्यासांचं. त्याचा विषय हाच डोंगर आणि इथला दत्त. चौदाव्या शतकातल्या एका मराठी कवीला संपूर्ण काव्याचा विषय म्हणून एक डोंगर पुरेसा वाटला. मराठीत गडांवर पोवाडे पुष्कळ झाले, पण ते पराक्रमाचे. लढाई नसलेल्या डोंगरावर इतक्या आधी कोणी लिहिलं असेल असं मला तरी ठाऊक नाही. माहूरला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांनी या काव्याचं नाव ऐकलेलं नसतं. डोंगर हरवला नाही, त्याच्यावरचा ग्रंथ मात्र पंथाच्या सांकेतिक लिपीत अनेक शतकं बंद राहिला. म्हणजे माहूरच्या बाबतीत काही शोधून काढण्याची पाळी आलीच, तर ती दगडांवर नाही, पोथ्यांवर आली.

किल्ल्याची गोष्ट कोरड्या सनावळीत सांगितली तर वाचक पान उलटेल, म्हणून झपाट्याने सांगतो. गोंडांकडे, स्थानिक राजांकडे असलेला हा किल्ला १४२५च्या सुमाराला अहमदशहा बहमनीने घेतला. पुढे वजीर महमूद गावान याने मोठे प्रांत तोडून लहान केले, तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग झाले, गाविलगड आणि माहूर, आणि माहूरवर खुदावंदखान हबशी आला. बहमनी राज्य फुटल्यावर इमादशाही. १५७४ला वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीने गिळलं. १५९६ला चांदबिबीने तह करून ते अकबराला दिलं. मग ती ‘आईन’मधली नोंद. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पाच धनी. या सगळ्यांना माहूर कशासाठी हवं होतं? डोंगरात सोनं नव्हतं, भोवतीचं जंगल महसुलाच्या दृष्टीने फारसं उपयोगाचं नव्हतं. पण वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या वाटा इथून जातात. माहूर हे दाराचं कुलूप होतं, आणि दोन घरांचं भांडण लागलं की पहिला हात कुलपालाच जातो.

१६२३ साली या कुलपाचा उपयोग एका बंडखोर शहजाद्याला झाला. जहांगीरविरुद्ध उठलेला शाहजहान, तेव्हा अजून बादशहा न झालेला, बऱ्हाणपुराकडून माघार घेत माहूरच्या वाटेने कुतुबशाहीच्या मुलखात आणि तिथून ओरिसा-बंगालकडे निघाला. अवजड सामान आणि बरोबरचे हत्ती घेऊन पळता येत नव्हतं, ते त्याने माहूरच्या किल्ल्यात उदारामच्या हवाली केले. उदाराम हा मोगलांच्या चाकरीतला दख्खनी सरदार, माहूरच्या देशमुख घराण्याचा मोठा पुरुष. शहजाद्याबरोबर त्याचा कुटुंबकबिला होता. औरंगजेब तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. दख्खनने ज्या माणसाला पुढे कायमचं अडकवून ठेवलं, त्याची दख्खनशी ओळख अशी पळापळीत झाली.

त्याच उदाराम घराण्यातली रायबागन मात्र इतिहासाच्या पुस्तकांत माहूरपेक्षा उंबरखिंडीच्या पानावर सापडते. २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला सह्याद्रीच्या उंबरखिंडीत कोंडलं, तेव्हा मोगली फौजेत ही माहूरची देशमुखीण होती. पाण्याविना तडफडणाऱ्या सैन्याची दशा पाहून, शरण जा, असा सल्ला तिने खानाला दिला आणि खानाने तो ऐकला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आहे. ‘रायबागन’ ही शौर्याची पदवी मिळालेल्या बाईने दिलेला सगळ्यात शहाणा सल्ला माघारीचा होता, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. डोंगरी मुलखात वाढलेल्या माणसाला खिंडीत अडकणं म्हणजे काय ते कळतं. मैदानातून आलेल्या खानाला ते कळायला तहान लागावी लागली.

किल्ल्यात आज हत्ती दरवाजा आहे, तलाव आहे, महाकालीचं देऊळ आहे, चिनी महाल म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे, आणि पावसाळ्यानंतर कमरेइतकं गवत आहे. रेणुकेकडे जाणारी गर्दी किल्ल्याच्या अंगावरून जाते, आत फार थोडी शिरते. माचू पिचूची तुलना लावायचीच तर ती रेणुकेच्या देवळाला नाही, या किल्ल्याला लागते, कारण शिखरावरचा ओस पडलेला भाग हाच आहे. खालची पांडवलेणीही तशीच. ज्या जागांमधून देव किंवा सत्ता उठून गेली त्या पुरातत्त्वाच्या फलकाखाली आल्या. ज्या जागी देव आहे तिथे टाइल्स आल्या. टाइल्सवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण राबत्या देवळातलं गळकं छप्पर पुजाऱ्याने आणि गावाने दुरुस्त केलं नसतं, तर त्या यादवकालीन दगडांचं काय झालं असतं हे पाहायला फार लांब जायला नको, किल्ल्याचा तट शेजारीच आहे.

अठराव्या शतकापासून माहूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. १८५३च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही सरहद्द ठरली. बहमनी आणि मोगल दफ्तरात वऱ्हाडाचा भाग असलेलं माहूर नदीच्या दक्षिणेला पडलं म्हणून निजामाकडे राहिलं. वऱ्हाडातल्या भक्तांची कुलदेवी एका झटक्यात दुसऱ्या राज्यात गेली. त्यांनी नदी ओलांडायचं थांबवलं नाही, एवढंच. पुढे किनवट तालुका, ज्यात माहूर होतं, आदिलाबाद जिल्ह्याला जोडलेला होता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हाही तो तिकडेच होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट नांदेडला आला. म्हणजे माहूर नांदेड जिल्ह्याचं झालं त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. नवरात्रात आदिलाबादकडून येणाऱ्या तेलुगू भाविकांकडे ‘बाहेरचे’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्यांच्या आज्यांच्या काळी जिल्ह्याच्याच देवीला जाणं होतं ते.

माहूरला कोण, कशाला येत होतं, याचाही एक माग आहे. सोळाव्या शतकात दासोपंत आले. बीदरच्या दरबारात महसूल भरता न आल्याने बापाने ओलीस ठेवलेला मुलगा, सुटका झाल्यावर घर सोडून मातापूरला आला आणि बारा वर्षं दत्ताच्या उपासनेत राहिला, असं त्यांचं चरित्र सांगतं. पुढे ते आंबेजोगाईला स्थिरावले आणि तिथे त्यांनी कापडावर लिहिलेली पासोडी आजही आहे. एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडचे विष्णुदास आले आणि इथलेच झाले. रेणुकेची त्यांची पदं घरोघरच्या आरतीसंग्रहात गेली. ही माणसं दर्शनाला आली नव्हती, राहायला आली होती. आणि त्याच डोंगरात सोनापीरचा दर्गा आहे, तालुक्यात वझऱ्याजवळ शेख फरीदांच्या नावाचं ठाणं आणि धबधबा आहे. दत्त, सूफी आणि महानुभाव यांना एकाच जंगलाचं आकर्षण का वाटावं? मला वाटतं, तिघांनाही दरबारापासून लांब, पण वाटेपासून फार लांब नाही अशी जागा हवी होती, आणि सरहद्दीवरचा डोंगर हा नेमका तसा असतो.

सामान्य माणूस मात्र पायी, बैलगाडीने, सवडीने यायचा. कुळाचार म्हणून, लग्नानंतर जोडीने, नवस फेडायला. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं सप्तशृंगी, या साडेतीन पीठांपैकी माहूर सर्वांत आडवाटेचं. सणावाराला एसटी वर घाटात जायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा ‘एका दिवसात होणारं’ झालं. आता तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड, उमरखेड करत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. धनोडा फाट्यावर तो सोडला, पैनगंगा ओलांडली की माहूर. दोन शक्तिपीठं जोडणारा रस्ता त्यामुळे आधीपासून आहे. तरी नवा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित झाला : वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०२ किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीपासून लातूर-नांदेडपर्यंत जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. देवीला जायला आम्हाला वाट होतीच, हे त्यांचं म्हणणं. शिखरावर चढायच्या अडीचशेच्या आसपास पायऱ्यांना पर्याय म्हणून लिफ्ट आणि स्कायवॉकही मंजूर झाला. गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहिलं की लिफ्टविरुद्ध बोलवत नाही. पण दर्शन पाच मिनिटांवर आलं की डोंगर तासाभराचा होतो आणि दत्तशिखर, अनसूया, किल्ला, लेणी सगळं ‘पुढच्या वेळी’वर जातं, हेही दिसतं.

ज्याला माहूर खरंच पाहायचं आहे त्याच्यासाठी क्रम उलटा ठेवावा, असं मी सुचवीन. सकाळी उजेड तिरपा असताना आधी खाली पांडवलेणी. बॅटरी असू द्या, गाभाऱ्यात अंधार असतो. मग गर्दी वाढायच्या आत रेणुका. पायऱ्यांच्या बाजूला विडा कुटणारे बसलेले असतात. इथला प्रसाद तांबूल आहे, पान-सुपारी-कात कुटून केलेला, आणि तो हातात घेतल्यावर तळवा लाल होतो. वानरांपासून पिशवी सांभाळा. दुपारी किल्ला, पाणी बरोबर घेऊन, कारण आत दुकान नाही. ऊन उतरल्यावर दत्तशिखर आणि अनसूया, आणि वेळ उरला तर देवदेवेश्वर. तिथल्या माणसांशी बोललात तर दत्ताबद्दल सकाळपासून ऐकलेल्यातलं निम्मं ते नाकारतील. ते ऐकून घ्यावं.

आणि ज्याला एवढं चालवत असेल त्याने राखी पौर्णिमेला यावं. श्रावणात, पावसातच बहुधा, गडाची परिक्रमा होते. नांदेड, यवतमाळ, हिंगोली, परभणी आणि तेलंगणातून आलेले लोक रात्रीतून सगळ्या डोंगराला वळसा घालतात, ओढे ओलांडत, सागाच्या पानांतून, चिखलातून. परिक्रमेत तीर्थांची, देवळांची, दर्ग्यांची नावं एकामागून एक येत राहतात आणि वाटेवरचे लोक ती वाटसरूंना ओरडून सांगतात. अनोळखी वाटसरूंना फराळ, चहा आणि केळी देणारी गावं त्या रात्री झोपत नाहीत.